सोऱ्याच्या दुष्काळाची आणि महाराजांच्या शिंकेची बखर

श्री. जें पाणी आंत येतें आणि जें पाणी बाहेर जातें त्या दोन्ही पाण्यांस नमन करोन, आणि जें मध्येंच अडकलें त्यासही एकवार हात जोडोन सेवक लिहितो ऐसा जे. साहेबीं आज्ञा केली कीं, समुद्राचे तळीं स्पंज म्हणोन जो जीव खडकास चिकटोन राहतो, त्याचे पोटांत जें राज्य, तेथें सोऱ्याचा दुष्काळ पडोन राज्य बुडतां बुडतां कैसें तगलें, तें साद्यंत लिहोन पाठवणें. आज्ञा शिरसावंद्य. खडकशके दोनशें सतरा, गढूळ नाम संवत्सर. महाराज बाळपणीं पोहत होते, मग खडकास चिकटले, ते दिवसापासोन हा शक चालतो. त्याअगोदर महाराज कोठें होते हें कोणी पुसलें नाहीं आणि महाराजांनीं सांगितलें नाहीं. सांगणार कैसे? महाराजांस तोंड नव्हतें. शिर नव्हतें, हात नव्हते, पाय नव्हते, पोटही वेगळें असें नव्हतें. महाराज म्हणजेच किल्ला, महाराज म्हणजेच मुलूख, आणि रयत होती ती महाराजांचे आंतच राहत होती. अंगावर हजारों बारीक भोकें तेच दरवाजे, आणि माथ्यावर एक थोर भोंक तें महाद्वार. आंत दालनोदालनीं चाबुकवाले शिपाई उभे असत, ते आपले चाबूक सपासप मारीत, त्या ओढीनें बारीक दरवाज्यांतून पाणी आंत येई आणि महाद्वारें बाहेर जाई. पाण्याबरोबर श्वास येई आणि खाणेंही येई. खाणें म्हणजे परमुलखीचे बारीक जंतु, त्यांस महाराज गिळीत. रयत होती तीही बारीक जंतूंचीच, परंतु ओळखीची म्हणोन तिला गिळीत नसत. ही ओळख कशावरोन पटे हें कोणास ठाऊक नव्हतें, म्हणोन रयत सदा अदबीनें असे. कारभार सगळा अमात्य शिवदेवपंत गाळणकर पाहत. पंत रोज हुकूम मोठ्यानें वाचीत, मग अंमळ थांबत, महाराज कांहीं बोलत नसत, आणि पंत म्हणत, "मान्य जाहलें." ऐसा कारभार दोनशें वर्षें बिनतक्रार चालिला. दरबारचा एक कायदा मात्र अवघड होता. महाराजांस पाठ दाखवूं नये ऐसा रिवाज, आणि महाराज तों चहूंकडे. कोणीकडेही तोंड करावें तर पाठ महाराजांकडेच. यास तोड म्हणोन दरबारांत मंडळी गरगर फिरत उभी राहत, म्हणजे कोणे एके बाजूचा अपमान फार वेळ घडूं नये.

आतां राज्याचें मूळ सांगतों, तें कळल्याविना पुढील गोष्ट कळणार नाहीं. महाराजांचे अंगीं जें कांहीं पचे त्याचें उग्र निघे. टोपीकर शास्त्री त्यास अमोनिया म्हणती. तें अंगास लागतां आग होई, आणि साचलें तर खुद्द महाराजांस बाधे. परंतु धन्याचे अंगची घाण यास घाण म्हणावें ही सोय नाहीं, म्हणोन दरबारीं त्यास 'श्रींचें अत्तर' म्हणत आणि ज्यांस नाक होतें ते नाक धरीत, ज्यांस नाक नव्हतें ते तोंड फिरवीत, आणि ज्यांस तोंडही नव्हतें ते, सांगितलें त्याप्रमाणें, फिरतच असत. हें उग्र खाणें हा मान वरचे आळीच्या उग्रे घराण्याचा. त्यांचे वडील निळोजीबाबा उग्रे, मोठे खानदानी गृहस्थ, आवाज भारी, मिजास त्याहोन भारी. उग्रे उग्र खात, आणि तें पचवावयास त्यांस श्वास पुष्कळ लागे. खाऊन जें उरे तो कच्चा सोरा. तो ते खिडकींतून फेकोन देत. खिडकीखालीं सोरटे घराणें राहे, तें कच्चा सोरा खाई, त्यांसही श्वास लागे, आणि त्यांचे उरे तो पक्का सोरा, ज्यास टोपीकर नायट्रेट म्हणती. तो ते उंबऱ्याबाहेर लोटीत. मग तो झिरपत झिरपत अगदीं तळीं जाई, जेथें पाणी पोहोंचत नसे आणि श्वासही पोहोंचत नसे. तेथें तळघरे राहत. तळघऱ्यांस श्वास सोसत नसे. ते श्वासाऐवजीं सोराच ओढीत, आणि ओढोन जें उरे तो नुसता वारा, वास नाहीं, रंग नाहीं, कोणाचे उपयोगी नाहीं. तो बुडबुड करीत वर येई आणि महाद्वारें समुद्रांत निघोन जाई. म्हणोन वरचे आळींत त्यांस 'वारासोडे' म्हणत, आणि लेकरें त्यांचे नांवानें हंसत. उग्रे म्हणत, सोरटे आमचें उष्टें खातात. सोरटे म्हणत, तळघरे आमचें उष्टें खातात. तळघरे म्हणत, वरून पडतें तें आपलें, त्यास उष्टें कोण म्हणतो. ऐसें ज्याचे त्याचे मनाचें समाधान होतें.

तळघराची देशमुखी गजराबाई तळघरे यांजकडे होती. बाई अंगानें गोल, बोलण्यांत तुटक, आणि विचार करूं लागल्या म्हणजे डोळे मिटोन घेत. त्यांचे यजमान ऐन उमेदींत ताजे पाण्याची झुळूक लागोन वारले होते, ते वेळेपासोन बाईंनीं देशमुखी आपले हातीं घेतली, आणि धाकटे दीर राणोजी, मोठे तापट आणि वहिनीवर जीव टाकणारे, ते शिपाईगिरी पाहत. तळघरांत एकमेकांस भेटतां "कोंडून असा, सुखी असा" म्हणायची चाल होती, आणि लेकरूं नाठाळपणा करूं लागलें तर आई सांगे, "गप बैस, नाहीं तर वाऱ्यावर नेऊन ठेवीन." वर्षांतून एकदां महाराजांचा चिकटोत्सव होई, म्हणजे ज्या दिवशीं महाराज खडकास चिकटले त्या तिथीस दरबार भरे, आणि त्या दिवशीं बाईंस वर जाणें भाग पडे. बाई बंद मेण्यांत बसत, मेण्यांत तळघरचा कोंदट चिखल ठासोन भरीत, फटी लिंपीत, आणि भोई घाबरे घाबरे तो मेणा दरबारांत नेऊन ठेवीत. ते वर्षींही मेणा ठेविला तो मोरीपाशीं. बाई आंतून बोलिल्या, "पंत, आमचे वाडवडिलांपासोन जागा मोरीची. औंदा सोरट्यांचे शेजारीं ठेवा. आम्ही कांहीं परके नव्हों, महाराज आम्हांस गिळीत नाहींत." शिवदेवपंत गरगर फिरत होते ते फिरत फिरतच बोलले, "देशमुखीणबाई, उग्रे श्रींचें अत्तर सेवन करितात. सोरटे सोरा करितात. आपण काय करितां?" बाई बोलिल्या, "आम्ही सोरा ओढितों." पंत बोलले, "आणि मग?" निळोजीबाबा पलीकडोन मोठ्यानें बोलले, "मग वारा सोडितात!" तेव्हां दरबार ऐसा हंसला कीं चाबुकवाल्यांचे चाबूक चुकले आणि महाराजांचें पाणी क्षणभर उलटें वाहिलें. पंत बोलले, "त्यास दरबारांत जागा लागत नाहीं, मोरी पुरे." मेण्याबाहेर राणोजी, श्वास लागूं नये म्हणोन लिंपलेले पोत्यांत, उभा होता, त्याचा हात तलवारेस गेला. बाईंनीं आंतून मेण्यास टिचकी मारिली आणि हळूच बोलिल्या, "राणोजी, पोतें फाटेल." मग परत आल्या, आणि बहुत वेळ डोळे मिटोन बसल्या.

चिकटोत्सव सरला न सरला तों समुद्रांत तुफान जाहलें. वर लाटांचा काय प्रकार जाहला हें तळच्यांस ठाऊक नाहीं, परंतु खालीं गाळ ऐसा उठला कीं दिवसाचा अंधार जाहला, आणि तो गाळ दरवाज्यांवर बसूं लागला. चाबुकवाल्यांचे सरदार सर्जेराव धांवत आले आणि म्हणाले, "पंत, पाण्याबरोबर माती येते, चाबूक जड जाहले, काय हुकूम?" पंतांनीं हुकूम मोठ्यानें वाचिला कीं सर्व दरवाजे लावावे, चाबूक बंद करावे, मग अंमळ थांबले, महाराज कांहीं बोलले नाहींत, आणि पंत म्हणाले, "मान्य जाहलें." दरवाजे लागले. चाबूक थांबले. राज्य स्थापिलें तेव्हांपासोन जो सपसप आवाज चालिला होता तो बंद जाहला, आणि जी शांतता पसरली ती लोकांस इतकी गोड लागली कीं त्यांनीं पंतांची मिरवणूक काढिली. निळोजीबाबा बोलले, "शत्रु बाहेर, आपण आंत, यापरीस उत्तम कारभार तो कोणता?" आणि मग मिरवणूक अर्ध्या वाटेवर आली असतां भोई बसले. वाजंत्री बसले. कोणी कोणास बसूं नका म्हणेना, कारण म्हणावयास दम उरला नव्हता. आंत होता तेवढा श्वास मंडळींनीं जयजयकारांत संपविला होता. उग्रे आपापले ओसरीवर आडवे जाहले, त्यांचे तोंडाशीं उग्र येऊन ठेपे परंतु खाववेना. सोरटे भुके राहिले आणि तेही आडवे जाहले. आणि महाराजांचे अंगचें उग्र कोणी खाईना म्हणोन दालनांत चढूं लागलें.

तिकडे तळघरांत गजराबाई आपले दाराशीं बसल्या होत्या त्यांस चमत्कार वाटला. रोज जिन्याचे पहिले पायरीवर पाऊल ठेवितां अंगास झोंबे, तें आज झोंबेना. दुसरे पायरीवर गेल्या, तेथेंही बरें वाटलें. राणोजीस हांक मारिली, "भावजी, वर या, येथें घरच्यासारखें वाटतें." राणोजी आला, चार पायऱ्या पुढें गेला आणि ओरडला, "वहिनी, येथें तर अगदीं गुदमरतंय!" आणि आनंदानें नाचूं लागला. मग मागोमाग सारें तळघर निघालें, म्हातारीं कोतारीं, पोरेंबाळें, जन्मांत पायरी न चढलेलीं, आणि जसजशीं वर जात तसतसा कोंदटपणा बरोबर चढे, जणूं आपला मुलूखच आपल्यापुढें चालतो आहे. दरबारांत आलीं तों सर्व मानकरी भुईवर पसरले होते. शिवदेवपंत पडल्या पडल्या थोडे थोडे फिरत होते, रिवाज म्हणोन. तलवार उपसावी लागली नाहीं. कोणास हात लावावा लागला नाहीं. राणोजी बोलला, "वहिनी, गादीवर बसा." बाई बोलिल्या, "गादी कोठें आहे?" कोणासच ठाऊक नव्हतें, कारण महाराजच चहूंकडे, त्यांस गादी कशास? तेव्हां बाई जेथें उभ्या होत्या तेथेंच बसल्या, आणि तीच गादी ठरली. पंतांनीं क्षीण आवाजानें पुसलें, "हुकूम?" बाई बोलिल्या, "आधीं आमची मोरीपाशींची बैठक इकडे आणा, आणि मोरीपाशीं आतां तुम्ही बसा." पंत अंमळ थांबले, महाराज कांहीं बोलले नाहींत, आणि पंत म्हणाले, "मान्य जाहलें."

मग तळघऱ्यांचे राज्यांत मोठी बहार जाहली. राणोजीनें दवंडी दिली कीं, मोकळा श्वास घेणें हा गुन्हा. घेणारे कोणी उरले नव्हते, तरी दवंडी दिली, कारण दवंडीची त्यास फार दिवसांची हौस होती. आळोआळीं जो सोरा साचला होता, सोरट्यांचे उंबऱ्याशीं, खांचाखोंचांत, दालनांचे कोपऱ्यांत, तो तळघऱ्यांनीं यथेच्छ ओढिला आणि वारा सोडिला, आतां लाजावयाचें कारण नव्हतें, उलट जो मोठा सोडी त्यास 'शाबास' मिळे. बुडबुडे दालनांचे छतास जाऊन बसले, बाहेर जावयास वाट नाहीं म्हणोन तेथेंच एकमेकांस ढकलीत राहिले. गजराबाई मात्र राज्य पाहात हिंडत होत्या. चाबुकवाल्यांचीं गोल गोल दालनें पाहिलीं, उग्र्यांची ओसरी पाहिली, जेथोन समुद्राचा उजेड आंत येई ती जागा पाहिली, आणि मनांत म्हणाल्या, इतकें मोठें घर होतें आणि आपण न्हाणीखालीं जन्म काढिला. धनी असते तर त्यांसही दाखविलें असतें. त्यांस रागही आला आणि रडूंही आलें, आणि दोन्ही एकदम आल्यामुळें त्या कांहींच न करितां उभ्या राहिल्या.

ऐसें चालिलें असतां सोरा संपला. पहिल्यानें पोरें रडूं लागलीं, मग म्हातारीं गप्प जाहलीं. राणोजीनें शिपाई धाडिले, कोपरान्कोपरा खरवडिला, कांहीं मिळेना. बाई स्वतः सोरट्यांचे उंबऱ्याशीं गेल्या, तेथें सोरटे निपचित पडलेले, बोलण्याचे अवस्थेंत नाहींत. मग वरचे ओसरीवर गेल्या. निळोजीबाबा पडले होते, डोळा एक उघडा होता, त्यानें त्यांस पाहिलें. बाई त्यांचे उशाशीं बसल्या आणि बोलिल्या, "निळोजीबाबा, सोरा कोठें ठेविलात?"

"मी सोरा ठेवीत नाहीं, बाई. मी उग्र खातों."

"मग सोरटे तो कशाचा करितात?"

"ते काय करितात तें मला काय ठाऊक? माझे खिडकींतून कचरा टाकितों, तो ते खातात. भिकारी लोक."

"तो कचरा बंद कां जाहला?"

निळोजीबाबांनीं दुसरा डोळा उघडिला. "श्वास नाहीं, बाई. श्वास असेल तर उग्र पचेल, पचेल तर कचरा निघेल." इतकें बोलोन ते थांबले, आणि मग कांहींतरी ध्यानीं येऊन हळूहळू पुसते जाहले, "तुम्हीं तो सोरा... पोटासाठीं ओढितां?"

बाई बोलिल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्हांस काय वाटलें, आम्ही काय खातों?"

"आम्हीं कधीं विचार केला नाहीं," निळोजीबाबा बोलले. "तुम्हीं न ओढितां तर तो सोरा साचला असता कीं. आमचे नाकातोंडांत गेला असता." बाईंनीं डोळे मिटिले. ओसरीवर उग्र चढत होतें तें गुडघ्यापर्यंत आलें.

इतक्यांत दरबाराकडोन ओरड जाहली. महाराजांचे अंगाची एक बाजू काळी पडूं लागली होती, आणि बाहेरोन खाणें येईना म्हणोन महाराजांस भूक लागली होती, आणि भुकेपुढें ओळख राहात नाहीं. शिवदेवपंत नवा हुकूम मोठ्यानें वाचीत होते कीं, ऐसे समयीं कोणी घाबरूं नये, श्रींचें आपले रयतेवर परम प्रेम आहे, मग अंमळ थांबले, आणि महाराजांनीं त्यांस गिळिलें. पहिल्यांदाच महाराजांनीं एखाद्या हुकुमावर कांहीं केलें. जेथें पंत होते तेथें भिंत उरली. लोक पळावयास लागले, परंतु पळोन जाणार कोठें? जिकडे जावें तिकडे महाराजच.

गजराबाईंनीं राणोजीस आणि सर्जेरावांस बोलाविलें आणि म्हणाल्या, "दरवाजे उघडले पाहिजेत." सर्जेराव भिंतीस टेकोन बसले होते, ते बोलले, "बाईसाहेब, हुकूम आहे, दम नाहीं. चाबूक उचलत नाहीं. आणि बाहेरोन गाळाचीं बुचें बसलीं आहेत, तीं चाबकानें निघायचीं नाहींत. महाराज शिंकले तर निघतील. माझे आज्याचे वेळेस दरवाज्यांत वाळूचा खडा अडकला होता, गुदगुल्या जाहल्या, महाराज शिंकले, आणि खडा कोठल्या कोठें गेला. आजाही गेला." राणोजी म्हणाला, "आणि शिंकले तर ताजें पाणी येईल. वहिनी, आपलीं माणसें आळोआळीं पसरलीं आहेत. तीं मरतील. हें राज्य आपलें जाहलें, आतां परत मोरीपाशीं बसायचें?" बाई बोलिल्या, "भावजी, तुमचेपाशीं सोरा किती आहे?" राणोजी चमकला. तळघराचे तळींचा एक शेवटचा साठा त्यानें कोणास न सांगतां दडवोन ठेविला होता, आपले माणसांचे पुढें उपयोगी पडावा म्हणोन. तो मान खालीं घालोन बोलला, "थोडका आहे. तो लेकरांचा आहे." बाई बोलिल्या, "लेकरांस दिला तर सरेल तेव्हां काय द्याल? वर तो निळोजी मरतो आहे. तो मेला कीं तुमचें आमचें जेवण मेलें. मला तो आवडतो म्हणोन नव्हे. अगदीं आवडत नाहीं." राणोजी वर पाहात राहिला, जेथें छतास बुडबुडे दाटले होते. मग बोलला, "गुदगुल्या करायच्या तर आंतूनच कराव्या लागतील. दरवाज्यांस अंग भिडवोन, सोरा ओढोन, सगळ्यांनीं एकदम वारा सोडायचा."

"होय."

"जे तेथें जातील ते परत यायचे नाहींत."

"होय," बाई बोलिल्या, "म्हणोन मी जातें." तेव्हां राणोजी हंसला, तो बहुत दिवसांमागोन प्रथमच हंसला, आणि बोलला, "वहिनी, आपण गेलां तर मागें घर कोणी सांभाळायचें? मला मोजतां येतें, भांडतां येतें, दवंडी देतां येते. सांभाळतां येत नाहीं. दादा झुळूक लागोन गेले, मीही त्याच वाटेनें जातों, आमचे घराण्याचा रोगच तो." बाईंनीं त्याचे तोंडावरोन हात फिरविला. मग राणोजीनें दवंडी दिली, खरी दवंडी, कीं ज्यांस यायचें त्यांनीं यावें, सक्ती नाहीं. लेकरांनीं, म्हाताऱ्यांनीं आणि पोटुशींनीं तळघरीं परतावें. जे आले ते थोडके नव्हते. शेवटचा सोरा त्यांस वांटिला. ते महाराजांचे अंगाचे कडेस जाऊन एकेका दरवाज्यास पाठ भिडवोन उभे राहिले, महाराजांस पाठ दाखवोन, सरळ, न फिरतां. बाई जिन्याचे वरचे टोंकास उभ्या राहोन सर्वांकडे पाहात होत्या. राणोजी सर्वांत वरचे दरवाज्याशीं होता, तेथोन त्यानें हात हलविला, बाईंनीं पदर हलविला, आणि सर्वांनीं सोरा ओढोन एकदम वारा सोडिला.

पहिल्यानें कांहींच जाहलें नाहीं, आणि एक म्हातारा शिपाई बोलला, "आतां काय, हंसतील लोक." मग महाराजांचें अंग आक्रसलें. सारें राज्य एक वेळ मुठीसारखें आवळलें, भिंती भिंतींस लागल्या, आणि मग महाराज शिंकले. नाक नसतां, तोंड नसतां शिंकले. हजारों दरवाज्यांवरचीं गाळाचीं बुचें एकदम उडालीं, छताचे बुडबुडे, दालनांतील उग्र, काळें पडलेलें मांस, आणि दरवाज्यांशीं पाठ देऊन उभे होते ते सर्व समुद्रांत फेकले गेले. त्यांत राणोजी होता. मग उलट पाणी आंत शिरलें, ताजें, थंड, श्वासानें भरलेलें, आणि सर्जेरावांनीं जागच्या जागीं चाबूक उचलिला, आणि सपसप आवाज पुन्हा सुरू जाहला.

बाई जिन्यावरोन खालीं धांवल्या, परंतु पाणी त्यांचेहोन वेगानें आलें. पायांस झोंबलें, मग कमरेस, मग डोळ्यांपुढें पांढरें पांढरें दिसूं लागलें, आणि पायऱ्यांचे मध्यावर त्या पडल्या. वरतीं निळोजीबाबांनीं पहिला श्वास घेतला होता, आणि उठोन बसले होते, आणि त्यांनीं जिन्यावर पडलेली ती गोल बाई पाहिली. ते ओरडले, "अरे उग्र्यांनो, इकडे! घेरा तिला!" पोरें, सुना, चुलते, सारे उग्रे धांवले आणि बाईंभोंवतीं दाटीनें उभे राहिले. एकानें पुसलें, "बाबा, काय करायचें?" निळोजीबाबा बोलले, "श्वास घ्या! जितका येईल तितका सगळा ओढा, एक कणही तिच्यापर्यंत जाऊं देऊं नका!" मग उग्रे श्वास घेऊं लागले, ऐसे हपापलेले कीं नगारे वाजावे तैसा आवाज होई, छात्या फुगवोन, गाल फुगवोन, आणि आलेले ताजे पाण्यांतला श्वास त्यांनीं आंतल्या आंत शोषोन घेतला, मध्यें बाई कोंदटपणांत राहिल्या. तैसेच घेरा न मोडतां, श्वास घेत घेत, एकेक पायरी उतरत, ते त्यांस तळघराचे दाराशीं घेऊन आले. शेवटचे पायरीवर दोघे उग्रे अति श्वास घेतल्यानें घेरी येऊन पडले, परंतु घेरा मोडला नाहीं. दारांत आंतल्या माणसांनीं बाईंस ओढोन घेतलें.

मग पुढें ऐसें जाहलें कीं उग्र्यांनीं वरची आळी सोडिली नाहीं, परंतु घराण्याची एक शाखा तळघराचे माथ्यावर येऊन राहिली, म्हणजे तेथेंच श्वास संपवावा आणि खालीं एकही झुळूक जाऊं नये. सोरटे त्यांचे शेजारीं आले. निळोजीबाबा म्हातारे जाहले होते, परंतु रोज उतरोन दारापर्यंत येत. त्यांस आंत जातां येत नसे, तेथें श्वास नाहीं. बाईंस बाहेर येतां येत नसे. मध्यें उंबरा होता. एके दिवशीं बाबा बोलले, "देशमुखीणबाई, तो सोरा लागतो कैसा?" बाई बोलिल्या, "खारट." बाबा बोलले, "आम्हांस चव कळत नाहीं, पोटास जळजळ होते." बाई बोलिल्या, "तुमचे उग्रानें होते ती." बाबा बोलले, "तें उग्र महाराजांचें आहे, माझें नव्हे," आणि रागावोन गेले, आणि दुसरे दिवशीं पुन्हा आले. मग बाईंनीं पुसलें, "बाबा, वर महाद्वाराशीं आपण बसतां. समुद्राकडोन कोणी परत येतो काय?" बाबांनीं वर महाद्वाराकडे पाहिलें. मग बोलले, "नाहीं, बाई. पाणी येतें, माणूस येत नाहीं." बाई बोलिल्या, "बरें," आणि दाराशींच बसोन राहिल्या, आणि बाबाही पायरीवर बसोन राहिले, आणि त्या दिवशीं वरचें काम कोणी केलें तें सेवकास ठाऊक नाहीं.

येणेंप्रमाणें सोऱ्याचा दुष्काळ पडला आणि सरला. अमात्याची जागा कोणी घेतली नाहीं. हुकूम वाचणें बंद जाहलें, आणि कारभार पूर्ववत् चालिला. महाराजांस या प्रकरणाची खबर होती कीं नव्हती, हें सांगवत नाहीं. हल्लीं त्यांची प्रकृति उत्तम आहे, अंग भरलें आहे, खडकावर एक नवीन बोट पसरलें आहे. दोनशें वर्षांचे राज्यांत महाराजांनीं स्वतः होऊन आज्ञा केली ती दोनदांच, आणि दोन्ही वेळां ती शिंक होती. सेवकानें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें. लिहिण्यांत अधिक उणें जाहलें असेल तर तें गाळाकडे, सेवकाकडे नव्हे.